ल्यूटच्या पेटीतली चिमणी

इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये माझी मैत्रीण माधवी जुन्या लोकगीतांचं रेकॉर्डिंग करत होती. गाणारा धिप्पाड पुरुष, पण आवाज बाईसारखा उंच आणि कोवळा. साथीला ल्यूट, मांडीवर घेऊन छेडायचं जुनं तंतुवाद्य. गाण्यातली घराबाहेर काढलेली मुलगी बर्फात गारठून मरत होती.

आत शिरलेली एक चिमणी नेमकी तेव्हाच चिवचिवायची आणि टेक वाया जायचा. शेवटी वादकाने तिला पकडून ल्यूटच्या मखमली पेटीत टाकलं आणि झाकण लावलं.

"राहील गं थोडा वेळ," माधवी मला म्हणाली.

पुढच्या टेकमध्ये पेटीतून टकटक ऐकू आली. त्याच्या पुढच्यात आली नाही.

गाण्यातल्या मुलीचं मरण किती सोयीचं! तिला हवं तेव्हा मारावं, हवं तेवढं रडावं, ती मध्येच ओरडत नाही.

शेवटचा सूर छतात विरेपर्यंत कुणी हलायचं नाही, असा तिथला नियम. आम्ही श्वास रोखून उभे होतो. गायकाचे डोळे भरून आले होते.

मग वाद्य ठेवायला वादकाने पेटी उघडली.

"मखमल खराब केली हिने," तो म्हणाला.