टकळी ऐकायला बसते

घरात तिला सगळे टकळी म्हणायचे. लहानपणी तिच्या तोंडाला क्षणभर विसावा नसायचा. त्यामुळे मानसशास्त्र शिकून ती लोकांचं ऐकून घेण्याच्या नोकरीला लागली, तेव्हा आतेभाऊ हसून हसून लोळला. आत्या मात्र म्हणाली, "हसू नकोस. बोलणाऱ्यालाच ऐकणाऱ्याची किंमत कळते."

आई गेल्यावर या आत्यानेच तिला वाढवलं. आत्या कपडे शिवायची. मापं घेताना तोंडात टाचण्या, म्हणजे बोलायची सोयच नाही. समोरच्या बायका मात्र घडाघडा मन मोकळं करायच्या. ऐकण्याचं शिक्षण टकळीला कॉलेजात नंतर मिळालं, आधी मिळालं ते त्या शिलाई मशीनपाशी. आत्याचे हे उपकार ती येताजाता मानते.

दवाखान्यातल्या तिच्या खोलीत दोन खुर्च्या, एक खिडकी आणि कागदी रुमालांचा डबा. तिथे निवृत्तीनंतर ज्यांना घर खायला उठतं असे मुख्याध्यापक येतात, लिफ्टमध्ये दरदरून घाम फुटणारी नवी नवरी येते, दारू सोडलेला आचारीही येतो. बरं वाटलं की ते आभार मानतात आणि ही अवघडते. परक्या बाईवर एवढा विश्वास टाकला त्यांनी, आभार तर तिनेच मानायचे.

मग आला बस ड्रायव्हर. त्याच्या बसखाली सापडून एक म्हातारा दगावला होता. चौकशीत तो निर्दोष ठरला, पण तेव्हापासून ना बोलणं, ना झोप. बायको टकळीला म्हणाली होती, "ताई, हे जिवाचं काही बरंवाईट करून घेतील हो." तिसऱ्या भेटीत त्याचे ओठ थरथरले, डोळे भरले आणि हिने चटकन रुमालांचा डबा पुढे सरकवला. त्याने डोळे पुसले, "माफ करा" म्हणाला आणि उठून गेला. पुढच्या आठवड्यात आलाच नाही.

त्याची पाठ वळली तेव्हाच तिला चूक कळली होती. रडू फुटणाऱ्यापुढे रुमाल धरणं म्हणजे 'पुरे आता' म्हणणं, हे या कामात नव्याने येणाऱ्या मुलांना तीच शिकवायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं. तिने फोन लावला.

"चुकलं माझं. मी तुम्हाला रडू द्यायला हवं होतं. याल का?"

तो आला. समोरच्या खुर्चीत बसला.

"तुमचं चुकलं, तर तुम्ही फोन केलात," तो म्हणाला. "मी कुणाला करू?"

आणि त्याचा बांध फुटला. तो खांदे गदगदवून रडत राहिला. ती जागची हलली नाही. तिचेही डोळे वाहत होते, आणि तो परत आला म्हणून मनातल्या मनात ती त्याचे आभार मानत होती.