भिंतीवरचे चार सरपंच

आता चहा आलाच आहे, तर माझ्याच हातानं झालेला माझा पचका सांगतो. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीच्या मागे वाघ, लग्नघरी दारावर गणपती, हे आपलं काम. गाव रिठदच्या अलीकडे. नाव सांगत नाही, कारण सरपंच अजून तेच आहेत.

आमच्या गल्लीतला नळ होळीपासून कोरडा. बायका भर उन्हात शेतातल्या विहिरीवरून हंडे आणत होत्या, त्यात माझी बायको शोभाही. सरपंचांना चार वेळा अर्ज दिला. उत्तर एकच, "होऊन जाते ना पेंटर, कायले घाई करून राह्यला?"

शेवटी माझं डोकं सणकलं. तोंडानं सांगून ऐकत नाहीत ना, मग ब्रशनं सांगू. पेपरात नाही का येत चित्रांची पट्टी, एकापुढे एक चौकट, आणि शेवटच्या चौकटीत पुढाऱ्याची फजिती? तशीच काढायची, पण भिंतीवर, माणसाएवढी. ग्रामसभा आठवड्यावर आली होती. आणि शब्द एकही लिहायचा नाही! अक्षर आलं की पुरावा आला. नुसत्या चित्रावर कोण केस करणार? या अकलेवर मी इतका खूश झालो की दोन दिवस मला जेवणही सुचेना.

जागा मिळाली एसटी थांब्याजवळची, सलीमभाई टेलरच्या दुकानाची भिंत. सलीमभाई जुने दोस्त, पण घाबरट. म्हणून त्यांना खरं सांगितलंच नाही.

"काय काढून राह्यला बे?" त्यांनी विचारलं.

"पान्यावर हाय. गावच्या भल्याचं."

"मंग काढ."

दिवसभर उन्हात उभं राहून चार चौकटी रंगवल्या. पहिलीत सरपंच काडीसारखे, हात जोडलेले, बाजूला नळ धो धो. दुसरीत पोट थोडं पुढे, धार बारीक. तिसरीत ढेरी, नळाला एक थेंब. चौथीत सदऱ्याची बटणं तुटलेली आणि नळाला कोळ्याचं जाळं. मिशी तर अशी जुळली होती की शेंबडं पोरही ओळखेल. क्रांती म्हणजे आणखी काय असतं हो?

दुसऱ्या दिवशी पाटीच्या कामाला कारंजाला गेलो. खरं सांगायचं तर गावात थांबायची छाती नव्हती. तीन दिवसांनी एसटीतून उतरतो तर भिंतीसमोर ही गर्दी. मधोमध सरपंच. आणि सलीमभाई मापाच्या लाकडी पट्टीनं त्यांना एकेक चित्र समजावून सांगत होते.

"हे पाहा भाऊ, इथून सुरू होते," असं म्हणून त्यांनी पट्टी टेकवली ती उजव्या टोकाला. माझ्या चौथ्या चौकटीवर.

सलीमभाई उर्दू शाळेत शिकलेले. वाचायचं ते उजवीकडून, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. आणि मी शहाण्यानं चौकटींवर साधे आकडेही टाकले नव्हते.

"पहिले नळाले जाळं लागलं होतं. तवा तुमी कसे धष्टपुष्ट होते. मंग गावासाठी पळाले, पोट उतरलं, थेंब आला. अजून पळाले, धार आली. अन शेवटी पाहा, लोकायसाठी झिजून झिजून काडी झाले, पन नळ धो धो. अन तरी हात जोडून उभे."

सरपंचांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उन्हाळ्यात गावाला दिसलेलं तेवढंच.

त्यांनी मला मिठी मारली. "पेंटर, मायासाठी एवढं कोनी केलं नाई रे. तुले कसं सुचलं?"

बोलायचं होतं हो. जिभेच्या टोकावर होतं, की भाऊ, डावीकडून पाहा. एवढंच वाक्य. पण समोर सरपंच, त्यांच्या मागे चार धडधाकट पुतणे. आणि पलीकडे हंडे घेऊन थांबलेल्या आमच्या गल्लीतल्या बायका. त्यांच्यात शोभा, जिला सगळं ठाऊक होतं.

"तुमचं काम पाहून, भाऊ," मी म्हणालो.

ग्रामसभेत शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार झाला. पाण्याचा प्रश्न सुटलेला भिंतीवरच दिसतो आहे, तेव्हा तो विषय घ्यायची गरज नाही, असंही एकमतानं ठरलं. त्यात मीही हात वर केला होता.

घरी आलो. शोभानं नारळ फोडला, पाणी वाटीत काढलं, गल्लीतल्या बायकांना दारात बोलावलं आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"घ्या. गल्लीत पानी आलं, तुमच्या चित्रानं. पहिला घोट तुमचा."

सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. लाजेनं मान खाली गेली माझी. पण ऊन मी म्हणत होतं, घसा कोरडा पडला होता, आणि आता तुमच्यापासून काय लपवू, ती वाटी मी एका दमात संपवली.