आंजाच्या नावची दोन झाडं

जावयाचा उल्लेख आंजा ग्राबोवात्स नपुंसकलिंगी करायची. "उठलं का ते?" असं सकाळी दहा वाजता मुलीला विचारायची, आणि तेही भिंतीपलीकडे त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात.

कॅनबेराच्या काम्बा या उपनगरातलं ते घर तिचं होतं. तिचा नवरा स्तीपे आयुष्यभर काँक्रीट ओतत राहिला. कॅनबेरातल्या निम्म्या सरकारी कचेऱ्यांचे पाये त्याच्या हातचे. त्यातून उरलेल्या रविवारी त्याने स्वतःचं घर उभं केलं. पुढे कमानी, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, मागे अंजीर, द्राक्षांचा मांडव आणि लाल मिरच्यांचे वाफे. स्तीपे गेला तशी मुलगी मिरेला नवऱ्याला घेऊन तिथे राहायला आली. "आईला सोबत हवी," असं ती चर्चमधल्या बायकांना सांगायची. वॉरनची नोकरी सुटली होती, हे आंजा सांगायची.

वॉरन पील पन्नाशीचा, उंच, पाठीत वाकलेला, कायम अर्ध्या चड्डीत. त्याला छंद फार. आधी त्याने घरी बिअर केली. कपडे धुण्याच्या खोलीत बाटल्या फुटल्या आणि आंजाच्या चादरींना महिनाभर आंबूस वास येत राहिला. मग मधमाश्या पाळल्या. त्या एका दुपारी थव्याने उठून गेल्या. "बघ, त्यांनासुद्धा कळलं," आंजा म्हणाली. मग आंबवलेल्या पावाचं खूळ आलं. तो पाव कापायला स्तीपेची करवत काढावी लागेल, असं ती पाहुण्यांसमोर म्हणाली आणि वॉरन तिच्याबरोबर हसला. अपमान झाला तरी हसणारा पुरुष तिने जन्मात पाहिला नव्हता. तिच्या मायदेशी, इमोत्स्कीच्या खडकाळ डोंगरातल्या गावात, असला पुरुष शेळ्यांच्या मागेही कोणी पाठवला नसता.

घरच्या परसात माणशी गांजाची दोन झाडं लावायला कायद्याने मुभा मिळाली होती, आणि काम्बातल्या निम्म्या परसांत टोमॅटोशेजारी ती उभीही होती. वॉरनच्या डोक्यात ते शिरायला उशीर लागला, कारण त्याच्या डोक्यात काहीही शिरायला उशीरच लागायचा. पण वसंताच्या सुरुवातीला आंजाने कपाट उघडलं, तर तिची सोनेरी काठाची बशी नाही. ती फ्रिजच्या डोक्यावर सापडली. बशीत ओला कागद, कागदात बारीक करड्या बिया.

"हे काय?"

"हात नको लावूस, आंजा!" वॉरन धावत आला. सासूला नावाने हाक मारायची त्या लोकांत रीतच आहे; आंजाला ती इतक्या वर्षांतही पचली नव्हती. "दोस्ताकडून मिळाल्यात. लेमन कार्डिनल. असला वास दुसऱ्या कशाला नाही. आणि असला कैफही."

"कार्डिनल?" आंजाने छातीवर क्रूसाची खूण केली. "पोपच्या खालोखालचा माणूस तो. त्याचं नाव गांजाला?"

"नाव काही मी ठेवलं नाही."

"तू काय ठेवणार! तुला मूलसुद्धा झालं नाही नाव ठेवायला."

मिरेलाने हातातला चमचा आपटला आणि ती स्वयंपाकघरातून निघून गेली. वॉरन बशीकडे बघत राहिला.

बिया फुटल्या. मग सगळं घर त्या रोपांच्या तालावर चालू लागलं. खिडकीतली आंजाची तुळशीसारख्या वासाच्या रोपाची कुंडी हलली आणि तिथे वॉरनच्या रोपांचे पेले आले. धुकं-गारठा संपल्यावर एका रविवारी आंजा प्रार्थनेहून परतली, तर स्तीपेच्या मिरच्यांच्या सर्वांत चांगल्या वाफ्यात खड्डे. तिने फावडं उचललं होतं. मग खाली ठेवलं. हा गाढव हेही नासवणार, मग ते डोळ्यांनी का पाहू नये, असा तिने विचार केला. लोक नाटकं बघायला तिकीट काढतात. इथे ते तिच्या परसातच चालू होतं.

वॉरन तिला समजावून सांगायचा. तिने विचारलेलं नसताना.

"बियांतून लावलं की हीच भानगड. निम्मे नर निघतात."

"मग नराचं काय करायचं?"

"उपटून टाकायचे. काही उपयोग नसतो त्यांचा, नुसती जागा अडवतात."

आंजाने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मिरेला!" तिने आत हाक दिली. "ऐकलंस का गं, जावईबापू काय म्हणतात ते?"

उपटाउपट होऊन चार माद्या उरल्या. दोन वॉरनच्या, दोन मिरेलाच्या नावावर. मिरेलाला त्या वासाने मळमळायचं, पण माणशी दोन म्हणजे दोन. दोन धष्टपुष्ट झाडं त्याने वाफ्यात ठेवली, त्यांना कसलं कसलं पाणी पाजलं, त्यांच्या फांद्या वाकवून दोऱ्यांनी बांधल्या. उरलेली दोन मरतुकडी होती. ती गॅरेजच्या पडवीखाली, स्तीपेच्या जुन्या गिलाव्याच्या बादल्यांत गेली आणि वॉरन त्यांना विसरला. येताजाता भांडी विसळलेलं पाणी आंजाच त्यांच्यावर ओतायची, कारण सिंकपर्यंत परत जायचा तिला कंटाळा यायचा.

ऐन उन्हाळ्यात फुलं धरली आणि वास सुटला. लिंबाची साल, पेट्रोल आणि पावसात भिजलेला कुत्रा एका पिशवीत कोंबावा, तसा. रविवारी मांडवाखाली कॉफीला चर्चमधल्या बायका जमल्या, तेव्हा शिमा नावाच्या तिच्या जुन्या मैत्रिणीने नाकाला रुमाल लावला.

"आंजा, कुठेतरी काहीतरी मेलंय."

"नाही," आंजा म्हणाली. "ते अजून जिवंत आहे. आत टीव्ही बघतंय."

त्याच आठवड्यात मिरेलाने बॅग भरली. पर्थला नोकरी घेतली होती आणि तिथून ती परत यायची नव्हती. निदान वॉरनकडे तरी नाही. फाटकाच्या सिंहापाशी ती आईला म्हणाली, "मी दमले गं, ममा. त्याला काढ घराबाहेर. तुझं घर आहे."

आंजाने हे काम आनंदाने केलं असतं. कित्येक वर्षं ती मनातल्या मनात तेच वाक्य घोळवत होती. ती मागे गेली. वॉरन वाफ्याशी उकिडवा बसून पानं उलटीपालटी करत होता. डोळे कोरडे.

"ती गेली," आंजा म्हणाली.

"हो. सांगितलं तिने मला." त्याने एक पिवळं पान खुडून टाकलं. मग म्हणाला, "आंजा, पीक निघेपर्यंत राहू दे मला. आत्ता ही हलवली तर मरतील."

आंजाला ते घोळवलेलं वाक्य एकदम फुकट गेल्यासारखं वाटलं. बायको गेली आणि हा झाडांसाठी गयावया करतो! इतक्या हलक्या माणसाला घालवून देण्यातही काही मजा नव्हती. पिसाला लाथ मारल्यासारखं झालं असतं ते. "पीक निघेपर्यंत," ती म्हणाली. "आणि जेवण आपलं आपण करायचं."

तो पाव आणि डब्यातली घेवड्याची उसळ खायचा, ओट्याशी उभ्याउभ्या. ती टेबलावर बसून कोबीच्या पानांत खिमा गुंडाळलेल्या गुंडाळ्या खायची, सावकाश, त्याच्याकडे पाठ करून.

मग पोलीस आले. एक तरुण बाई आणि तिच्या मागे एक जाडजूड पोलीस. तक्रार आली होती, ती कोणाची ते ते सांगणार नव्हते. बाईने परसात जाऊन झाडं पाहिली.

"चार आहेत. घरात किती माणसं?"

"दोन," वॉरन म्हणाला.

"मग तुमची कुठली?"

इथे कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. वॉरनने प्रामाणिकपणे सगळं ओकलं. ही दोन माझी, ती दोन बायकोची, पण बायको आता पर्थला असते, म्हणजे ती परत येईल असं काही... त्याचा आवाज चिरकला. तरुण बाईने बरोबरच्या जाड पोलिसाकडे पाहिलं. "म्हणजे चारही तुमचीच झाली की, सर."

आंजा दारात हात पुसत उभी होती. तो मूर्ख गाळात चालला होता, आणि तिला मनापासून बरं वाटत होतं. तेवढ्यात कुंपणावर तिला एक गवती टोपी दिसली. टोपीखाली शेजारीण ग्लेनिस. ग्लेनिस तिच्या गुलाबांना पाणी घालत होती आणि पाइपातून पाणी येत नव्हतं.

आंजाच्या गावात शेजारी असाच एक होता. भला माणूस, सणाला चीज आणून द्यायचा. तिच्या बापाने अंगणात दारूच्या भरात सरकारने बंदी घातलेलं एक गाणं म्हटलं, ते त्याने कुंपणापलीकडून ऐकलं आणि पोलिसांना जाऊन सांगितलं. बापाला नेलं. तो परत आला तेव्हा त्याची दाढी पांढरी झाली होती आणि तो कोणाशी बोलत नसे. आंजा तेव्हा केवढीशी होती, पण त्या शेजाऱ्याच्या घरचं चीज तिच्या आईने डुकरांना घातलं, ते तिला लख्ख आठवायचं. वॉरनला ती किडा समजत होती. पण किड्याच्याही खाली एक पायरी असते, आणि त्या पायरीवर कोण उभं असतं हे तिला ठाऊक होतं.

"ती दोन माझी," आंजा म्हणाली.

"कोणती, मॅडम?"

"बादल्यांतली. पाणी मी घालते. विचारा याला."

"तुम्ही गांजा लावता?" जाड पोलिसाला हसू आवरेना.

"का? म्हातारीने टोमॅटोच लावायचे असा कायदा आहे? असेल तर दाखव." मग कुंपणाकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली, "आणि कोणाला अजून मोजायचं असेल तर या म्हणावं आत! मिरच्या मोजा, अंजिरं मोजा, माझे दातही मोजा!"

टोपी खाली गेली. पोलीसही गेले, जाताना आंजाच्या सिंहांची तारीफ करून.

वॉरन तिच्याजवळ आला. डोळे भरलेले. "आंजा, मला काय बोलावं—"

"काही बोलू नको. तुझ्यासाठी केलं नाही. नाक पूस आधी."

दुसऱ्या दिवशी ग्लेनिसने कुंपणावरून हाक मारली. तिला फक्त शेजारपाजारच्या सुरक्षेची काळजी वाटली होती म्हणे. "हो का," आंजा म्हणाली. "आमच्या गावाकडच्या शेजाऱ्यालाही सुरक्षेचीच काळजी होती." दरवर्षी कुंपणावरून जाणारी अंजिरांची परडी त्या साली शिमाकडे गेली, आणि पुढेही तिथेच जात राहिली.

शरद उजाडला आणि कॅनबेरात सहसा पडत नाही तसा चिकट पाऊस लागला. वॉरनची लाडकी दोन झाडं आता दृष्ट लागण्यासारखी होती. कणसांसारखे जाड तुरे, त्यावर साखर सांडल्यासारखी चमक. तो त्यांच्यावर छत्री धरून उभा राहायचा. खरंच धरायचा, आंजाने शिमाला फोन करून तिला खिडकीशी बोलावून दाखवलं. आणि एका सकाळी त्याने एक तुरा बोटांनी उकलला, तर आत राखाडी बुरशी. दुसरा उकलला. तिसरा. वरून राजबिंडे, आतून कुजलेले. त्याला कोणीतरी कधीच सांगितलं होतं, वेळेत कापून घे म्हणून. पण त्याला वास अजून चार दिवस मुरू द्यायचा होता.

तो चिखलात बसला आणि रडला. हुंदके देऊन, तोंड उघडं टाकून, मिरेलाचं नाव घेत रडला. आंजाने खिडकी लावून घेतली. कुजलेल्या झाडापाशी बसून, पाच आठवडे उशिराने, बायकोसाठी रडणारा माणूस! तिने रेडिओही लावला. पण दुपारी तो आत आला तेव्हा ओट्यावर पावाऐवजी सुपाची वाटी होती.

पडवीखालची मरतुकडी दोन झाडं मात्र कोरडी ठणठणीत राहिली होती. वॉरनचं लक्ष त्यांच्याकडे गेलं.

"आंजा," तो म्हणाला, "ती दोन..."

"माझी आहेत. पोलिसांनी विचारून घेतलंय."

"तू ओढत नाहीस."

"नाही."

"मग मला दे ना."

"दिली तर गुन्हा. तूच वाचून दाखवलं होतंस. लावायची, ओढायची, पण दुसऱ्याला द्यायची नाहीत, भेटसुद्धा नाही. मी कायदा मोडणारी बाई नाही, वॉरन." तिने त्याचं नाव घेतलं ते बहुधा पहिल्यांदाच, आणि त्यातही काही गोडवा नव्हता.

झाडं तिने स्वतः कापली आणि गॅरेजात, जिथे स्तीपे धुरावलेलं डुकराचं मांस टांगायचा त्या आकड्यांना, उलटी टांगली. वाळल्यावर लोणच्याच्या बरण्यांत भरली. वॉरन दाराशी उभा राहून बघत होता, उपाशी मांजरासारखा.

पीक निघालं, बोली संपली. वॉरन क्वीनबेयनला भावाच्या मागच्या खोलीत गेला. गाडीने दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, पण मध्ये राज्याची हद्द, आणि हद्दीपलीकडे गांजाचं पानही बेकायदा. ही गोष्ट त्याच्या ध्यानात सामान हलवून झाल्यावर आली. आंजाला त्याचं नवल वाटलं नाही.

पहिल्या शनिवारी तो परत आला. म्हणे, वाफा साफ करायचा राहिला होता. आंजाने फावड्याकडे बोट दाखवलं. त्याने कुजलेली मुळं काढली, वाफा खणला, वाकडातिकडा. मग घाम पुसत त्याने विचारलं, "गॅरेजला कुलूप आहे का?"

"मी म्हातारी बाई," आंजा म्हणाली. "कुलपं लावायची विसरते. आत कोण जातं, काय करतं, मला काय ठाऊक."

तेव्हापासून तो दर शनिवारी येतो. लाकडं फोडतो, गटारातली पानं काढतो, मांडव छाटतो, आणि सगळं इतकं वाईट करतो की सोमवारी आंजाला ते पुन्हा करावं लागतं. मग गॅरेजात जाऊन बसतो. तासाभराने लाल डोळ्यांनी बाहेर येतो आणि अंजिराच्या झाडाकडे बघत काहीतरी अर्थ नसलेलं बोलतो.

मिरेलाचा फोन आला की ती विचारते, "ममा, अजून येतो तो? का येऊ देतेस?"

"कुत्रंही येतं," आंजा सांगते. "दार उघडं असलं की."

मग ती फोन ठेवते आणि टेबलाशी परत येते. तिथे वॉरन कोबीच्या गुंडाळ्या खात असतो, हनुवटीवर रस्सा ओघळलेला, डोळे मिटून, प्रत्येक घासाला "आहाहा" करत. स्तीपेने जन्मात तिच्या हातच्या जेवणाला बरं म्हटलं नव्हतं. आंजा शिसारी आल्यासारखी त्या तोंडाकडे बघते, जरा वेळ बघतच राहते, आणि त्याच्या ताटात आणखी दोन वाढते.