‘पाहा’वाले काका

माजिवड्याच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासात बाळकुमचे एक कोळी काका दर शनिवारी यायचे, चपला बाहेर काढून. खाडीवरच्या शब्दांची त्यांनी कार्डं केली होती आणि प्रत्येक कार्डाच्या तळाशी ‘पाहा’ लिहून दुसऱ्या कार्डाचं नाव दिलेलं असायचं. ही सगळी ‘पाहा’ सांभाळणारा प्रोग्रॅम त्यांना हवा होता.

एकदा मला तसा एक सापडला, तो मी काकांना दाखवला. ‘जिताडा’ या माशाच्या नावावर क्लिक केलं की ‘भरती’चं कार्ड उघडायचं.

“आता भरतीवरून जिताड्याकडं ने.”

“उलटं जमत नाही, काका.”

“नुसती भरती, ओहोटीच नाही, ती खाडी कसली रे? डबकं ते.” त्यांनी कार्डं पिशवीत भरली. “पुढच्या शनिवारी दुसरा दाखव.”