आतोबांची मरणं

आमच्या मालवणात आतोबांइतक्या वेळा मेलेला दुसरा माणूस झाला नाही, आणि मेल्यानंतर त्यांच्याइतकं पोटभर जेवलेलाही कोणी झाला नाही. माझ्या आत्याचे हे यजमान बंदरावर आगबोटीच्या कचेरीत तिकिटं फाडायचे. पंधरा-वीस दिवसांतून एकदा तरी त्यांची छाती धडधडू लागे, तळहातांना घाम फुटे, श्वास पुरेनासा होई, आणि ओसरीवर आडवे होऊन ते जाहीर करत, "मी चललंय. गंगा हाडा." देवघरात काशीहून आणलेला गंगेचा गडू होता. असा गडू घरातल्यांच्या शेवटच्या क्षणासाठी तोंड झाळून ठेवतात आणि तो पिढीदोन पिढ्या पुरतो. आतोबांनी तो दोन वर्षांत संपवला. पुढे आत्या त्यात गुपचूप विहिरीचं पाणी भरून ठेवू लागली, आणि गुण तोच येत असल्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. शेजारीपाजारी जमत, कोणी तळपाय चोळी, कोणी रामरक्षा सुरू करी, आतोबा निरवानिरव करत, "दारातलो माड तोडू नकात, तेचे नारळ गोड आसत." मी धावत पोचलो की आत्या चुलीपाशी जात म्हणे, "हे परत मरतत. वायच बस, चाय टाकतंय." पाव तासात आतोबांच्या चेहऱ्यावर रंग येई, ते उठून बसत आणि विचारत, "आज बाजारात बांगडो इलो काय रे?" जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची मेल्यावरही जात नसे.

दोन मरणांच्या मधल्या काळात त्यांना स्वस्थता म्हणून नव्हती. जेवताना डाव्या हाताने उजव्या हाताची नाडी धरत, त्यामुळे दोन्ही हात अडकून आमटी निवून जाई. देवळात गेले तर दाराजवळचा खांब पकडत, म्हणजे वेळ आली तर बाहेर पडता येईल. लग्नाच्या पंगतीत कडेचं पान धरत. आणि सगळ्या पंचक्रोशीला मुंबईची तिकिटं देणारा हा गृहस्थ स्वतः कधी बोटीत चढला नव्हता. भर समुद्रात काही झालं तर उतरणार कुठे? एकुलती एक लेक मुंबईत दिली होती. तिच्या घरी जायचं म्हणून त्यांनी दोनदा स्वतःच्या हाताने स्वतःला तिकीट फाडून दिलं, आणि दोनदा धक्क्यावरून परत येऊन स्वतःच ते परत घेतलं.

यावर मी फार हसलो आहे. एका रविवारी आम्ही चौघे पत्ते खेळत होतो आणि आत्या मला बोलवायला आली. माझ्या हातात पानं चांगली होती. मी म्हटलं, "आते, डाव संपलो की येतंय. तवसर दम धरूक सांग त्यांका." तिघेही खो खो हसले. आत्या हसली नाही. ती वळून गेली, आणि आतोबांनी "बाबू खंय?" असं विचारल्यावर तिने, ती कधी खोटं बोलत नसल्यामुळे, माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

त्याच सुमारास सरकारी दवाखान्यात घाटावरचे एक डॉक्टर आले होते. आतोबा आपणहून त्यांच्याकडे गेले, सोबतीला मी. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. दुखणं मनाचं आहे. म्हणजे सोंग नव्हे, वेडही नव्हे. धडधड खरी आहे, मरण तेवढं खोटं आहे. पुन्हा आलं की पळू नका, झोपू नका. बसून राहा. आलंय तसं ते जाईल." मला वाटलं, सुटलो. पण ही बातमी गावभर पसरली तेव्हा 'मनाचं' या शब्दाने घात केला. माणूस मरणार म्हटल्यावर धावत येणारी माणसं, तो मरणार नाही हे कळल्यावर यायची बंद झाली. कोणी म्हणालं बाधा आहे, कोणी म्हणालं लाड आहेत. आतोबांनीही बोलावणं सोडलं. सगळ्यांना वाटलं, बरे झाले.

ते बरे झाले नव्हते, हे मी एका सकाळी तिकिटाच्या खिडकीतून पाहिलं. रांगेत माझ्यापुढे दोन माणसं होती. एकाएकी खिडकीची फळी खाली आली. लोक ओरडू लागले. फटीतून मला आतोबा दिसले. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून, डोळे भिंतीवर लावून, घामाने निथळत ते बसले होते. एकटे. दहाएक मिनिटांनी त्यांनी तोंड पुसलं, फळी वर केली आणि विचारलं, "बोला, खंय? विजयदुर्ग?" मला आत जायला हवं होतं. लाज वाटली म्हणून मी तिकीट न घेताच घरी आलो. तो पत्त्यांचा डाव मी जिंकला होता, हे आठवून आजही जीव कसानुसा होतो.

मग आत्या लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईला गेली आणि नातवाच्या बारशाचं पत्र आलं. आतोबांनी तिसऱ्यांदा स्वतःला तिकीट फाडून दिलं. त्यांना बोटीवर चढवायला मी न बोलावता गेलो. बोट बाहेर समुद्रात उभी राही, तिथवर पडावातून, म्हणजे वल्ह्यांच्या होडीतून, जावं लागे. पडाव हलला तशी त्यांनी माझं मनगट आवळलं. ओठ पांढरे पडले. मी म्हटलं, "परत जावया?" त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. नुसते बसून राहिले. मीही बसलो. बोटीची शिडी आली तेव्हा त्यांनी पिशवीतून तो गडू काढून माझ्या हातात दिला.

"ह्यो घराक व्हर. ह्यात बावीचा पाणी आसा."

मी चपापलो. "तुमका ठावक होता?"

"पयल्यापासून. माका पाणी नको होता रे. कोणतरी येवन बसता, ता होया होता."

आठवड्याने त्यांचं कार्ड आलं, शुद्ध कचेरीच्या मराठीत. "प्रवास सुखरूप झाला. विजयदुर्ग सोडल्यावर एकदा व जयगडनजीक एकदा वारलो. नंतर भूक लागली. बाळाचे नाक आमच्यावर गेले आहे."

त्यानंतर आतोबा पुष्कळ वर्षं जगले आणि मधूनमधून मरतही राहिले, पण आता ते मला निरोप धाडत आणि मी जाऊन बसत असे. एका दुपारी मात्र निरोप आत्याचा आला. तेव्हापासून माझ्याकडेच राहिलेला गडू घेऊन मी अनवाणी धावलो. आतोबा ओसरीवर जेवणानंतरची झोप घ्यावी तसे कुशीवर पडले होते, आणि या खेपेला त्यांनी कुणालाच हाक मारली नव्हती. गडू हातात धरून मी तसाच उभा राहिलो. चूल विझलेली होती. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने म्हणाली, "वायच बस."

मी बसलो.