बारशाआधीचं नाव

आन्द्रेस कुणाच्याही घरात शिरला की आधी एसीपाशी जाऊन उभा राहायचा. गार हवेसाठी नव्हे. डोळे मिटून त्याची घरघर ऐकायचा आणि निकाल द्यायचा, "हा सी बेमोल. थोडा दमलेला." त्याच्या स्पॅनिशमधला सी बेमोल म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच, हे मी नंतर शोधून काढलं. शारजात, अल नहदातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तो पहिल्यांदा आला, तेव्हा आई पाण्याचा ग्लास घेऊन मागे ताटकळत उभी आणि हा एसीला कान लावून. "मेकॅनिक आहे का गं?" तिने मला हळूच विचारलं.

होता संगीतकार. स्पेनमधल्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावातल्या पाववाल्याचा मुलगा, वय सव्वीस. दुबईतल्या ज्या संगीतवर्गात मी काउंटरवर बसायचे, तिथे तो मुलांना पियानो शिकवायचा आणि संध्याकाळी एका हॉटेलच्या लॉबीत वाजवायचा. "लॉबीत मी फर्निचर आहे, हबीबी," असं म्हणायचा. अरबीत लाडाने हबीबी म्हणतात ते पुरुषाला, बाईला नाही, हे त्याला तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही; मीही नाही, कारण मला ते आवडायचं. खरा जीव त्याच्या स्वतःच्या रचनांत. आमच्या हजेरीपत्रकांच्या पाठीवर पेन्सिलीने सूर लिहायचा आणि लिहिल्यापेक्षा जास्त खोडायचा. "आज खूप काम झालं," म्हणाला की समजायचं, आज सगळं खोडलं. उरायचं ते मात्र असं असायचं, की रिकाम्या वर्गात तो वाजवत असला की मी फोन उचलायचे नाही.

त्याची हाव मोठी होती. लिफ्टची टिंग, गोदामातल्या हमालांची आरोळी, कशातूनही तो सूर उचलायचा. "कानात गेलं की माझं," असं हसत सांगायचा. आम्हीही हसायचो.

आईला तो आवडला. दर शुक्रवारी जेवायला येऊ लागला. "बेटा, शरमाओ मत, और लो," ती हिंदीत म्हणायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि थालीपिठावर दोघांचं एकमत व्हायचं. अशाच एका शुक्रवारी पोळ्या लाटताना आई काहीतरी गुणगुणत होती. तो दारात आला तशी गप्प झाली. "काय होतं ते?" त्याने विचारलं. "कुछ नहीं, ऐसे ही."

ते काय होतं, हे मला माहीत होतं. मी नऊ वर्षांची असताना शारजातच मला बहीण झाली आणि नवव्या दिवशी गेली. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं. आत्या पुण्याहून येणार होती. आईने स्वतः पाळणा रचला होता आणि त्यात नाव गुंफलं होतं. आपल्याकडे आत्याने बाळाच्या कानात सांगेपर्यंत नाव बाहेर फुटू द्यायचं नसतं. ते फुटलंच नाही. आईने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. पण बंद दाराआडून ती एकटीच पाळणा म्हणून बघत होती, तेव्हा मी बाहेर उभी होते. मला माहीत आहे, हे आईलाही माहीत नव्हतं.

आन्द्रेस महिनाभर मागे लागला. शेवटी मी रिकाम्या वर्गात त्याला तो पाळणा म्हणून दाखवला, नावासकट, सगळी हकीकत सांगून. का, ते अजून नीटसं कळत नाही. तेरा वर्षं एकटीने सांभाळलं होतं, एवढंच. "हे इथेच राहील ना?" मी विचारलं. त्याने छातीवर हात ठेवला. "पालाब्रा. माझा शब्द, हबीबी."

चार महिन्यांनी, शुक्रवारी दुपारी त्याच्या रचनांचा कार्यक्रम झाला. आई ठेवणीतली पैठणी नेसून आली. आम्हाला त्याने पहिल्या रांगेत बसवलं होतं. शेवटच्या रचनेआधी तो माइकपाशी आला. म्हणाला, ही रचना शारजातल्या एका आईची आहे, तिचं बाळ नऊ दिवसांचं होऊन गेलं. मग त्याने नाव घेतलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा सांगून बसले आहे. "आई, प्लीज, उभ्या राहा," असं म्हणून त्याने हात पुढे केला. आईला इंग्रजी बेताचंच कळायचं. नाव तेवढं कळलं. लोक टाळ्या वाजवू लागले म्हणून ती उभी राहिली. आत्याने कानात सांगायचं नाव एका परक्या मुलाने भरल्या सभागृहात सांगितलं, आणि माझी आई त्याला हात जोडून उभी होती.

टॅक्सीत तिने एकच विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"तेव्हापासून. दाराआडून ऐकलं होतं."

पुढे शारजापर्यंत ती बाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी आन्द्रेसवर तुटून पडले. तो खराखुरा गोंधळला. "पण मी तिचा मान केला. मी चोरलं असतं तर नाव कशाला घेतलं असतं?" मी म्हटलं, "तू शब्द दिला होतास." तो म्हणाला, "एवढं सुंदर काही लपवून ठेवायचं नसतं." त्या वाक्याचाच राग अजून आहे. त्याने दगा दिला. बरं, मनात काळंबेरं ठेवूनही नाही. तसं असतं तर त्याला विसरणं सोपं गेलं असतं. त्याच रचनेवर त्याला माद्रिदला पुढे शिकायला जागा मिळाली. निरोपाच्या दिवशी मी रजा काढली.

दोन वर्षांनी त्याची सीडी आली, आईच्या नावाने. मी ती लपवणार होते, पण पाकीट तिच्याच हातात पडलं. "लाव," ती म्हणाली. "त्या दिवशी मला काही ऐकूच आलं नव्हतं."

ती खुर्चीत ताठ बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "ही चाल माझी नाही."

"म्हणजे?"

"दुसऱ्या ओळीपासून वेगळीच आहे. दाराआडून काय ऐकू येणार तुला. नाव गेलं, चाल माझ्यापाशी राहिली."

मला रडू आलं, सुटल्यासारखं वाटलं म्हणून. तिच्याजवळ खाली बसले आणि विचारलं, "मग खरी कशी आहे?"

आईने माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता.

"आणि ती तुला सांगू?"