कॅमेऱ्याला हळदकुंकू

आई मंठ्याजवळच्या आमच्या गावात एकटी राहते आणि मी जालन्यात शाळेत शिकवते. गेल्या उन्हाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली. शेजारणीच्या कानावर हाक जाईपर्यंत तासभर तशीच पडून होती. तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते. शेवटी मी जालन्याच्या दुकानातून एक कॅमेरा आणला. सिम टाकलं की चालणारा आणि फोनवरून सांगितलं तरच मान फिरवणारा. आईने आधी नाक मुरडलं. "मी काय चोर हाय का, माज्यावर नजर ठेवायला?" पण मी हट्टी. ओसरीच्या भिंतीवर, दाराकडे तोंड करून तो बसवलाच.

ॲप सुरू करताना कंपनीला माझं सगळं हवं होतं: जन्मतारीख, ठिकाण, फोनमधले नंबर. मी 'मान्य आहे, मान्य आहे' करत दाबत सुटले. शिक्षिका असून एक ओळ वाचली नाही. आणि त्या शहाण्या कंपनीने एवढं सगळं मागून घेतलं, पण खोक्यावर छापलेला पासवर्ड आधी बदला, एवढं मात्र एकदाही सांगितलं नाही.

दसऱ्याला गावी गेले. आमच्याकडे त्या दिवशी घरातली अवजारं पाटावर मांडून पुजतात. विळा, खुरपं, फवारणीचा पंप, आईचं शिलाई मशीन. "तुज्या त्या कॅमेऱ्याला बी लाव हळदकुंकू, राखण करून राह्यलाय बिचारा," आई म्हणाली. स्टुलावर कोण चढणार, म्हणून मी त्याचं खोकं पाटावर ठेवलं. बोट जपून कडेला टेकवलं, खोक्यावरची छापील अक्षरं खराब व्हायला नकोत म्हणून. मग छानपैकी फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. पुष्कळांनी हात जोडले.

दिवाळीनंतरची गोष्ट. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता ॲप उघडलं. कॅमेरा दाराकडे नव्हता, आतल्या खोलीकडे वळला होता. आईचा झाडताना धक्का लागला असेल, असं म्हणून मी तो परत दाराकडे फिरवला. आई ओसरीतून उठली, स्वयंपाकघराकडे निघाली. आणि चित्र हळूहळू सरकायला लागलं. तिच्या मागोमाग. माझा फोन टेबलावर होता. माझे दोन्ही हात डब्यापाशी होते.

मला भीती वाटली हे म्हणणं कमी आहे. घास तोंडात तसाच राहिला. ॲपमधून ओरडावं तर जो कोण बघतोय तोही ऐकणार. मी आईला फोन लावला.

"आई, त्या कॅमेऱ्याची पिन काढ. आत्ता."

"का गं? चांगला चालू हाय की."

"बिघडलाय. तापून पेटतात असले. काढ जल्दी!"

"थांब, भाजी उतरवते."

"भाजी जळू दे!" मी एवढ्या जोराने ओरडले की बाजूच्या बाई दचकल्या. थोड्या वेळाने पडदा काळा झाला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मंठ्याची बस धरली. कंपनीला फोन लावला तर रेकॉर्डवरची बाई गोड आवाजात सांगत राहिली की माझा कॉल महत्त्वाचा आहे. मग ॲपमध्येच शोधत बसले. एका कोपऱ्यात सापडलं: या कॅमेऱ्याला जोडलेले फोन, दोन. एक माझा. दुसऱ्याला नाव नव्हतं, नुसते आकडे होते. जोडल्याची तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. ग्रुपवर मीच टाकलेला दसऱ्याचा फोटो उघडला, बोटांनी मोठा केला. हळदकुंकवाच्या शेजारी कॅमेऱ्याचा नंबर आणि पासवर्ड, दोन्ही स्वच्छ वाचता येत होते. खिडकीबाहेर कापसाची शेतं मागे पळत होती आणि मी मनात ग्रुपवरचा एकेक चेहरा आठवत होते. हात जोडणाऱ्यांतला कोण? की त्यांच्यातल्या कुणी पुढे पाठवला, आणि बघणारा भलत्याच गावचा?

घरी पोचले तेव्हा आई दारातच बसली होती. मी आधी सगळ्या खोल्या बघितल्या, मागच्या दाराची कडी बघितली. तिला वाटलं, मी चिडलेय.

"माज्या हातून न्हाई बिघडला तो," ती म्हणाली. "मी तर त्याला हातबी लावत नव्हते. उलट बरं वाटायचं. मान हलली की समजायचं, तू आलीस. मंग सांगायची तुला सगळं."

"काय सांगायचीस?"

"काय म्हंजे? शेतात चाललेय, किल्ली चुलीमागच्या डब्यात ठेवलीय, सांजच्याला येते. तूच बघायचीस न?"

मी खाली बसले. शाळा, पेपर तपासणं, पोरांचं आजारपण. मी ते ॲप आठवड्यातून एकदा उघडत होते, तेही आठवलं तर. सांगायला तोंड उघडलं, पण आई बोलतच होती.

"मागल्या मंगळवारी चक्कर आल्ती बघ. इथंच पडले. उठता येईना. तुला हाका मारल्या, तशी त्याची मान वळली माज्याकडं. बराच येळ बघत व्हतीस. मंग माजं भ्याव गेलं. म्हनलं, लेक बघून राह्यली, येईल कुनाला तरी घेऊन."

तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"न्हाई आलीस, पर ऱ्हाऊ दे. शाळा असंल."